लायसेंस सस्पेंड करा, बाकी राहू द्या: ग्वाल्हेरच्या एका गटाचं प्रकरण

पहिल्या अर्जात आम्ही सगळंच मागितलं होतं. नवीन लायसेंस बंद करा, जुन्यांची फेरतपासणी करा, हर्ष फायरला (म्हणजे लग्नकार्यात आनंदाने बंदुकीचे बार काढण्याला) दहा वर्षांची शिक्षा करा, काडतुसांचा हिशोब मागा, शाळाकॉलेजात जनजागृती करा, बाड्यावर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, मोठे बोर्ड लावा, आणि अजून बरंच काही. कलेक्टोरेटमध्ये मंगळवारी लोकांचे अर्ज घेतात त्या जनसुनवाईत तो अर्ज दिला, शिक्का मारून पावती मिळाली, विषय संपला. शेवटच्या अर्जात मागणी एकच होती, ती पण दोन ओळींची, आणि त्यावर कारवाई झाली. मधल्या काळात काय काय झालं ते इथे लिहितेय, कारण पुण्या-नाशकातले दोनतीन ग्रुप विचारत होते की तुम्ही नक्की केलंत काय. माझं काम गटाच्या बैठका लिहून ठेवायचं होतं, म्हणून कागद माझ्याकडेच आहेत. कोणाचंही नाव, गार्डनचं नाव, ठाण्याचं नाव लिहीत नाहीये आणि कमेंटमध्ये विचारू पण नका.

महाराष्ट्रातल्या लोकांना आधी इथली हवा सांगावी लागेल. ग्वाल्हेर जिल्ह्यात लायसेंसवाली शस्त्रं तीस हजारांच्या वर आहेत, शेजारच्या भिंड-मुरैनातही हजारोंनी. चंबळचे डाकू म्हणाल तर १९७२ ला जयप्रकाशजींसमोर जौराला मोहरसिंग-माधोसिंग वगैरे शेकडो लोकांनी शस्त्रं ठेवली, १९८२-८३ मध्ये मलखान सिंग आणि फूलनदेवी भिंडला शरण आले, म्हणजे ज्या भीतीसाठी बंदूक लागायची ती भीती ओसरायला लागली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. बंदूक मात्र गेली नाही, खांद्यावरून लग्नात आली. आणि सरकारला पण हे इतकं पक्कं माहितीय की बंदुकीचं लायसेंस हे इथे आमिष म्हणून वापरलं जातं. २००८ मध्ये शिवपुरीला नसबंदी करा आणि लायसेंस मिळवा अशी योजना निघाली होती, खोटं वाटेल पण देशभर छापून आलेलं आहे. २०१९ मध्ये ग्वाल्हेरला कलेक्टरसाहेबांनी लायसेंसच्या अर्जदारांना झाडं लावून सेल्फी आणायला सांगितलं, त्याच वर्षी थंडीत गोशाळेला दहा कांबळी द्यायची अट आली. हेतू चांगलाच होता, गाईंना थंडी वाजतेच, पण विचार करा की ह्या माणसाला बंदूक द्यावी का ह्या प्रश्नाचं उत्तर कांबळी मोजून कसं मिळणार?

आणि हे सगळं "त्यांचं" आहे, आपण मराठी लोक नाट्यमंदिर आणि गणपतीवाले, असं पण नाही हं. शहराच्या लष्कर भागात जुन्या सरदारांच्या, शिलेदारांच्या वाड्यांत शिंदेशाहीपासूनच्या बंदुका आहेत, दसऱ्याला पूजा होते. गांधीजींच्या हत्येतलं बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरहूनच गेलेलं, हे तर इथल्या मराठी घरांत कोणी मोठ्याने बोलतही नाही. त्यामुळे आपल्या गटाला "बाहेरून येऊन शिकवणारे" म्हणता येत नव्हतं, ही गोष्ट एका अर्थाने उपयोगीच पडली.

घटना कशी झाली

फेब्रुवारी २०२४ चं लग्न. शहराबाहेरच्या हायवेवरचं मॅरेज गार्डन, वरमालेची वेळ. नवरदेवाच्या फुफाजींनी (आत्याच्या नवऱ्याने) बारा बोअरची दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, वर करून दोन बार काढले, दुसऱ्या वेळी कोणीतरी दंडाला धक्का दिला की नाचणाऱ्यांच्या गर्दीत तोल गेला माहीत नाही, नळी खाली आली आणि छर्रे चाटच्या स्टॉलकडे गेले. टिक्कीचा ट्रे घेऊन उभा असलेला केटरिंगचा मुलगा, वय १९, त्याच्या डाव्या खांद्यात आणि मानेच्या खालच्या बाजूला छर्रे लागले. डीजे बंद झाला नाही. हे मला नंतर त्या मुलानेच सांगितलं, की ताई मी खाली बसलो तेव्हा गाणं चालूच होतं आणि एक जण मला म्हणाला बाजूला हो, रील बनतेय.

जयारोग्य हॉस्पिटलला नेलं, छर्रे बरेचसे काढले, एकदोन राहिले ते काढण्यात जास्त धोका म्हणून डॉक्टरांनी ठेवले. तिसऱ्या दिवशी फुफाजींकडून माणूस आला, पाकिटात पैसे, स्टॅम्पपेपरवर राजीनामा, म्हणजे इकडच्या भाषेत तडजोड. मुलाच्या आईने अंगठा दिला. देणारच, औषधाचे पैसे कुठून आणायचे होते. ही बाई दौलतगंजात आमच्यातल्या दोन घरी पोळ्या करायला येते, तिथून हा विषय आमच्यापर्यंत आला.

गट म्हणजे तरी कोण. बँकेतून रिटायर झालेले एक काका, शाळेच्या माजी मुख्याध्यापिका (आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो, अजूनही घाबरतो), एक वकील ताई ज्या हायकोर्टाच्या ग्वाल्हेर खंडपीठात प्रॅक्टिस करतात, एक फोटोग्राफर दादा, माझ्यासारख्या दोनतीन गृहिणी, आणि नंतर सामील झालेले मुरार भागातले दोन हिंदी भाषिक शिक्षक. रजिस्ट्रेशन नाही, लेटरहेड नाही, बैठक बाईंच्या ओसरीवर.

अमेरिकेचा सल्ला

काकांचा मुलगा न्यूजर्सीला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर बराच वेळ समजावलं की तिकडे २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली आणि दुसऱ्याच दिवशी एका बाईने घरी बसून जे सुरू केलं त्याची आज मॉम्स डिमांड अ‍ॅक्शन ही प्रचंड संघटना झालीय, लाल टीशर्ट घालून बायका विधानसभांत जाऊन बसतात, तुम्ही पण तसं करा. आम्हाला उत्साह आला, टीशर्टचा रंग पण ठरत होता, तेवढ्यात वकील ताई म्हणाल्या की अहो त्यांचं भांडण वेगळं आहे. तिकडे बंदूक बाळगणं हा घटनेतला हक्क, आणि खासगी विक्रीत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायचं बंधन सगळ्या राज्यांत नाही, म्हणून ते लोक कायदा करा म्हणून लढतात. आपल्याकडे १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये कलम १३ ला पोलिस रिपोर्ट मागवणं आहेच, २०१६ च्या नियमांत सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तर सुप्रीम कोर्टातच विषय निघाला होता की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगायचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाहीच. आपल्याकडे कायदा कपाटात आहे, कपाट उघडायला कोणी सांगत नाही एवढंच.

माझ्या मते सगळ्या प्रकरणात हे एक वाक्य सगळ्यात कामाचं होतं.

तिकडचं जे घ्यायचं ते आम्ही स्कॉटलंडकडून घेतलं. १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या, त्यानंतर तिथल्या बायकांनी स्नोड्रॉप नावाने सह्यांची मोहीम काढली, सात लाखांच्या वर सह्या झाल्या, आणि त्यांची मागणी एकच होती: खासगी हँडगन बंद. रायफल नाही, शॉटगन नाही, फक्त हँडगन. १९९७ मध्ये दोन टप्प्यांत तो कायदा झाला. बाईंनी हे ऐकून आमचा चार पानी अर्ज समोर ठेवला आणि लाल पेन काढलं.

ताईंनी कपाट उघडलं

आता थोडं कायद्याचं, कंटाळू नका, सगळी गंमत इथेच आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये आर्म्स अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली. त्यात कलम २५(९) आलं: निष्काळजीपणाने किंवा हर्ष फायर करून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्न, सार्वजनिक कार्यक्रम, धार्मिक जागा सगळं त्यात येतं. कोणाला गोळी लागायलाच हवी असं नाही, धोका झाला एवढं पुरे. म्हणजे "हर्ष फायरविरुद्ध कायदा करा" ही आमच्या पहिल्या अर्जातली मागणी चार वर्षं जुन्या कायद्याची मागणी होती, आणि अर्ज घेणाऱ्या बाबूंनी पण ते सांगितलं नाही, त्यांना तरी माहीत होतं का देव जाणे.

दुसरी गोष्ट, त्याच कायद्याचं कलम ३८: ह्या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र. म्हणजे टीआय साहेबांना (ठाण्याच्या इन्स्पेक्टरना) फिर्यादीची वाट बघायची गरजच नाही, व्हिडिओ दिसला, गुन्हा नोंदवा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तो राजीनामा जखमेपुरता. मुलगा आणि फुफाजी आपसात काय लिहून घेतात त्याने बार उडवल्याचा गुन्हा मिटत नाही, कारण तो गुन्हा मुलाविरुद्ध नाही, सरकारविरुद्ध आहे, आणि आपसात मिटवण्याच्या गुन्ह्यांच्या यादीत तो बसत नाही. पंचवीस लग्नांत पंचवीस राजीनामे झाले तरी २५(९) तसंच उभं राहतं. हे ऐकून काका खुर्चीतून उठले होते.

आणि कोणी मेलं तर? मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तराखंडातल्या एका लग्नाच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की स्वसंरक्षणासाठी दिलेली बंदूक समारंभात उडवायची नसते, आणि त्या माणसाला निष्काळजीपणाच्या हलक्या कलमात न सोडता सदोष मनुष्यवधात शिक्षा दिली. गर्दीत बार काढणाऱ्याला काय होऊ शकतं ते माहीत असतंच, असा त्याचा अर्थ.

पण ताईंनीच पुढे पाणी ओतलं. म्हणाल्या, केस होईल, साक्षीदार कोण? नवऱ्या मुलीचा मामा? सगळे नातेवाईक, सगळे फितूर. शिक्षा होईपर्यंत नवरदेवाच्या मुलाची मुंज येईल. तुम्हाला परिणाम हवा असेल तर कलम १७ बघा. सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज वाटली किंवा लायसेंसच्या अटी मोडल्या तर कलेक्टर म्हणजे जिल्हा दंडाधिकारी लायसेंस निलंबित करू शकतात, रद्द करू शकतात. त्याला कोर्टाचा निकाल लागत नाही. आणि इथल्या माणसाला दोन वर्षांच्या कैदेची भीती वाटत नाही कारण ती कधी झालेली त्याने पाहिली नाही, पण बंदूक ठाण्यात जमा करायला लावली तर महिनाभर तो घराबाहेर तोंड दाखवत नाही.

म्हणून मागणी उरली ती ही: हर्ष फायरचा गुन्हा नोंदला की त्याचा रिपोर्ट ठाण्यातून ठरलेल्या मुदतीत कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेला जावा आणि कलम १७ ची नोटीस निघावी. बस. शिक्षा वाढवा वगैरे काही नाही. बाईंनी बाकी सगळं खोडलं, बोर्ड लावा हे पण खोडलं, त्यावर काका थोडे रुसले होते कारण बोर्डाचा मजकूर त्यांनी लिहिलेला.

ठाण्यातला प्रसंग

ठाण्यात आम्ही चौघं गेलो. साहेब वाईट नव्हते, चहा सांगितला. फोटोग्राफर दादांनी फोनवर व्हिडिओ दाखवला, कोणीतरी स्टेटसला टाकलेला, फुफाजी स्वच्छ दिसतात, दुनाली दिसते, धूर दिसतो.

"पर लड़के ने तो राजीनामा दे दिया, फिर आप कौन?"

ताई म्हणाल्या, साहब, हम कोई नहीं, पच्चीस-नौ में फरियादी आप खुद हैं, अड़तीस देख लीजिए. साहेबांनी मुंशीजींकडे पाहिलं, मुंशीजींनी कपाटाकडे. पुस्तक निघालं ते दुरुस्तीच्या आधीचं निघालं, त्यात २५(९) नव्हतंच! ताईंनी आपल्या बॅगेतून राजपत्राची झेरॉक्स दिली. साहेब मन लावून वाचत बसले आणि मग खरं ते बोलले, की ताईजी, लग्नाच्या सीझनला एका रात्री माझ्या हद्दीत कितीतरी वराती असतात, माझ्याकडे माणसं किती आहेत बघा, आणि निम्म्या वरातींत कोणी ना कोणी आमदाराचा माणूस. कुठली कुठली बंदूक पकडू.

हे काही बहाणा म्हणून उडवून लावण्यासारखं नव्हतं. गुन्हा नोंदवला त्यांनी, त्याच आठवड्यात. पण ते "कुठली कुठली पकडू" आमच्या डोक्यात राहिलं.

विरोध, बाहेरचा आणि घरचा

बाहेरचा विरोध अपेक्षित होता: लायसेंसवाले कुठे मारतात, मारतात ते कट्टेवाले (गावठी पिस्तूलवाले), त्यांना पकडा. ह्यात अर्धं खरं आहे. देशात बंदुकीचे बहुतेक गुन्हे विनालायसेंस शस्त्रांनीच होतात, आणि इकडे कट्टा मिळणं म्हणजे काही फार अवघड काम नाही. पण लग्नातलं गणित उलटं आहे असं मला वाटतं. कट्टा लपवायचा असतो, दुनाली दाखवायची असते. स्टेजसमोर, कॅमेऱ्यासमोर, सासरच्या माणसांसमोर जो बार काढतो त्याच्या खिशात बहुतेकदा लायसेंसचं पुस्तक असतं, आणि म्हणूनच त्याला कलम १७ लागू पडतं. कट्टेवाल्याचं काय निलंबित करणार?

दुसरा विरोध आम्हाला आधी सुचलाच नव्हता. मुरारच्या एका शिक्षकांचे मेव्हणे गनमॅन आहेत, गुजरातेत एका कंपनीच्या गेटवर. भिंड-मुरैना-ग्वाल्हेरची हजारो पोरं अशीच बाहेर जातात, अहमदाबाद, सुरत, मुंबई, दिल्ली, बँकेत, कॅशव्हॅनवर. स्वतःची बंदूक आणि लायसेंस असेल तर पगार जास्त, नसेल तर नुसता लाठीवाला गार्ड. ते सुट्टीवर आले होते, ओसरीवर आले, म्हणाले तुम्ही "नवीन लायसेंस बंद करा" लिहिलंय ना, माझ्या धाकट्या भावाने जमीन गहाण ठेवून ३१५ बोअरची रायफल घ्यायची ठरवलीय, त्याचं काय? दहा बिघ्यांत चार भाऊ खातील काय? बाईंनी त्यांना दुसरा चहा दिला आणि विचारलं, तुम्ही लग्नात बार काढता का. ते हसले, म्हणाले, मावशी, माझी रायफल म्हणजे माझी नोकरी आहे, तिचा घोडा मी नाचताना ओढीन का. त्या दिवसापासून नवीन लायसेंस बंद करायची मागणी आमच्याकडून कोणी पुन्हा काढली नाही. काही लोकांना हे मवाळपणा वाटला, वाटू दे.

घरचा विरोध म्हणजे आमच्यातलेच एक सरदार घराण्यातले मामा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं, जास्तीचं वर्षाच्या आत जमा करा, आणि वारसाहक्काने आलेलं असलं तरी दोनाची मर्यादा तीच. (मूळ विधेयकात तर एकच होतं, संसदेत दोन झालं.) मामांकडे पणजोबांची एक, वडिलांची एक आणि स्वतःची एक. पणजोबांची जमा करायला लागली. त्याचा राग ते आमच्यावर काढायचे, "तुमच्यासारख्यांमुळेच," असं. मला त्यांचं दुःख कळत होतं, त्या बंदुकीच्या दस्त्यावर चांदीची फुलं होती, पॉलिश करायला दर दसऱ्याला ते स्वतः बसत. पण गंमत अशी की पुढे कलेक्टोरेटला शिष्टमंडळ गेलं तेव्हा सगळ्यात जोरात तेच बोलले: मी कायदा पाळून बापजाद्यांची बंदूक दिली आणि हा स्टेजवर चढून बार काढतो, ह्याची का नाही घेत? त्या वाक्याला समोरून उत्तरच आलं नाही.

निवडणुकीने काय दाखवलं

गुन्हा नोंदला, रिपोर्ट गेला, नोटीस निघायच्या आत १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्र शाखा दुसऱ्याच कामाला लागली, म्हणजे लायसेंसी शस्त्रं जमा करून घ्यायच्या. फुफाजींची पण झाली, इतरांच्या बरोबर. ग्वाल्हेरचं मतदान ७ मेला झालं, जूनमध्ये निकाल लागल्यावर सगळ्यांच्या परत मिळाल्या, त्यांची पण! फाइल तशीच.

चिडचिड झाली खरी, पण काकांनी ह्यातून एक नीट मुद्दा काढला. ते म्हणाले २०२३ आठवा. विधानसभेचं मतदान १७ नोव्हेंबरला, देवउठनी एकादशी २३ ला, निकाल ३ डिसेंबरला. म्हणजे सीझनची पहिली लग्नं लागली तेव्हा बहुतेक लायसेंसी बंदुका ठाण्यात किंवा डीलरकडे पडून होत्या. लग्नं अडली का? कोणाची नाकं कापली गेली का? जिल्ह्याला काही आठवड्यांत हजारो शस्त्रं जमा करून पावत्या देता येतात, तर एका माणसाची एक का नाही? हा मुद्दा आम्ही दुसऱ्या अर्जाला जोडला, कलमं कमी आणि तारखा जास्त असा तो अर्ज होता, आणि अधिकाऱ्यांना तारखा पटकन पटतात असा माझा अनुभव आहे.

गार्डनवाले सेठजी

"कुठली कुठली पकडू" ह्याचं उत्तर पोलिसांकडे नव्हतं, मॅरेज गार्डनवाल्यांकडे होतं. वराती हजार असतील पण त्या येतात ठराविक गार्डनमध्येच. फोटोग्राफर दादांची ह्या लोकांशी ओळख. ते एका सेठजींकडे घेऊन गेले. सेठजींना नागरिक कर्तव्य वगैरे सांगून काही होणार नव्हतं, दादांनी छताकडे बोट दाखवलं. फायबरच्या शेडला छऱ्यांची भोकं, एलईडी वॉलचं एक पॅनल मेलेलं. सेठजी म्हणाले दर सीझनला हा खर्च आहेच, कोणाला सांगू, गिऱ्हाईक तुटतं.

मग बुकिंगच्या फॉर्मवर एक ओळ वाढली: परिसरात बार उडाल्यास डिपॉझिट जप्त, आणि सीसीटीव्हीचं फुटेज ठाण्याला दिलं जाईल. डिपॉझिट आधीपासून होतंच, तुटक्या खुर्च्यांसाठी. एकट्याने केलं असतं तर गिऱ्हाईक शेजारच्या गार्डनला गेलं असतं, म्हणून सेठजींनीच त्या रस्त्यावरच्या बाकीच्या गार्डनवाल्यांना गोळा केलं, सगळे तयार नाही झाले, निम्म्याहून थोडे जास्त झाले. मला अजूनही वाटतं की आमच्या सगळ्या अर्जांपेक्षा ही एक ओळ जास्त चालली. वधूपक्षाचा बाप डिपॉझिटच्या भीतीने स्वतः वरपक्षाला हात जोडून सांगतो की बंदूक गाडीत राहू द्या. त्याला ते आधीपासून सांगायचंच असतं हो, फक्त मुलीच्या बापाला कारण लागतं, आता त्याच्याकडे छापील कारण होतं.

पुढच्या सीझनला काय झालं

२०२४ ची देवउठनी १२ नोव्हेंबरला होती. त्या सीझनमध्ये आमच्या ओळखीच्या रस्त्यावर दोन प्रकरणं गुन्ह्यापर्यंत गेली, दोन्हींत फुटेज गार्डनकडून आलं. दोन्हींत शस्त्र शाखेने नोटीस काढली, लायसेंस निलंबित झालं.

त्यातलं एक टिकलं, एक उडालं. ज्याचं उडालं त्याने विभागाच्या कमिश्नरसाहेबांकडे अपील केलं. कलम १७ मध्येच लिहिलंय की आदेशात कारणं लेखी हवीत, आणि ह्या आदेशात "पोलिस रिपोर्टवरून" एवढंच होतं, माणसाचं म्हणणं ऐकल्याची नोंद पण नव्हती. आदेश परत आला, पुन्हा ऐका म्हणून. आमच्यातले काही जण म्हणाले कमिश्नर फुटले. ताई भडकल्या, म्हणाल्या बरोबर केलं त्यांनी, कारण न देता उद्या तुमच्या गनमॅनची रायफल कोणी काढून घेतली तर चालेल? त्यानंतर ताईंनी एक साधा नमुना करून दिला: फुटेज कुठलं, किती वाजताचं, हातात कुठलं शस्त्र, लायसेंसची कुठली अट मोडली, त्याचं उत्तर काय, ते का पटलं नाही. शाखेतल्या बाबूंनी तो नमुना घेतला, अधिकृत वगैरे नाही, टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

फेब्रुवारीवाले फुफाजी? त्यांच्यावरची केस चालू आहे, तारखा पडतायत. फाइल पुन्हा काढायला लावली तेव्हा निलंबनाची नोटीस पण गेली. मुलगा आता केटरिंग सोडून मोबाइलच्या दुकानात बसतो, डावा हात खांद्याच्या वर नीट जात नाही. त्याला साक्षीला बोलावलं तर काय सांगेल हे आम्ही त्याला विचारलेलं नाही आणि विचारणार पण नाही, राजीनाम्याचे पैसे त्याच्या आईने घेतलेत, तो तिढा त्या दोघांचा आहे. केस फुटेजवर उभी राहिली तर राहील.

जे जमलं नाही ते पण लिहिते. २०१९ च्या ज्या दुरुस्तीने हर्ष फायरचा गुन्हा आणला त्याच दुरुस्तीने लायसेंसची मुदत तीन वर्षांची पाच केली, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी माणसाला तपासायची संधी उलट कमी झाली. ह्यावर जिल्ह्यात कोणी काही करू शकत नाही, ते दिल्लीचं काम आहे, खासदारांना पत्र दिलंय, पोच आलीय. गार्डनवाल्यांपैकी जे नाही आले ते अजून नाही आले, आणि त्यांच्याकडे बुकिंग वाढल्याची पण चर्चा आहे, म्हणजे बार काढायचाच असेल तर माणूस तिकडे जातो.

आणि लगुन, म्हणजे लग्नाआधीचा एक विधी, राहिलीच आहे. लगुन-फलदान वरपक्षाच्या घरी होतं, गल्लीत मंडप टाकून, तिथे ना सेठजी, ना डिपॉझिट, ना सीसीटीव्ही. आसपासची पोरं खाली, बायका गच्चीवर, आणि बार गच्चीच्या दिशेनेच जातो. सध्या बैठका ह्याच्यावर चालू आहेत. मामांचं म्हणणं आहे मंडपवाल्याला धरा, त्याचा कपडा जळतो. ताई म्हणतात रस्त्यात मंडप टाकायची परवानगी नगर निगमकडून घ्यावी लागते, त्या परवानगीच्या कागदावर अट टाकायला लावू. बाईंनी दोन्ही लिहून ठेवायला सांगितलंय, आणि अर्ज एका पानाच्या वर गेला तर वाचणार नाही म्हणाल्यात.